पेटीखालची फळी

बडोद्याचे आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावर आत्याची चरख्याची पेटी सापडली. बंद केली की छोट्या सुटकेसएवढी, सागवानी, पितळी कडी लावलेली. तिच्या तळाला मात्र एक बेढब फळी बसवलेली होती. चार स्क्रूंनी आवळलेली, एका बाजूने वीतभर बाहेर आलेली, ना रंधा मारलेली ना पॉलिश केलेली. मी तीस वर्षे एका तंत्रनिकेतनात यंत्रांची आरेखने शिकवली. असले ठिगळ डोळ्यांना खुपते. मी स्क्रू काढले, फळी बाजूला केली, भोके भुसा आणि सरसाने बुजवली, पेटीला पॉलिश दिले आणि दिवाणखान्यात मांडली. येणारेजाणारे म्हणत, “वा, पारंपरिक चरखा!” मी मान डोलवत असे.

त्या फळीकडे मी शेवटी येणारच आहे. आधी मला ‘पारंपरिक’ या शब्दाबद्दल बोलायचे आहे. कारण वर्गात मी तो शब्द वर्षानुवर्षे वापरला आणि त्याचा अर्थ मला या पेटीने निवृत्तीनंतर शिकवला.

आपल्याकडे वस्तूंच्या आकाराची गोष्ट निघाली की पहिला मान तांब्याचा. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. त्या अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केले ते लोट्याचे, म्हणजे आपल्या तांब्याचे. तो कोणा एकाने घडवलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी घडवला, हे सांगून त्यांनी प्रश्नांची एक लांबलचक यादी दिली. भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, कमरेवर कसा बसतो, पाणी ओतताना धार कशी पडते, किंमत किती, असे ते प्रश्न. मी ही यादी दरवर्षी वर्गात सांगत असे आणि वर एक वाक्य जोडत असे: काळाने घासूनपुसून पूर्ण केलेल्या आकाराला हात लावताना दहादा विचार करा.

वाक्य चुकीचे नव्हते. पण त्यातून मुलांचा असा समज होई की पारंपरिक आकार म्हणजे प्रवास संपवून स्थिर झालेला आकार. माझाही तोच समज होता. चरख्याच्या इतिहासात शिरल्यावर तो पुसला गेला.

मुळात चरखा आपण मानतो तितका सनातनही नाही. आपल्याकडचे त्याहून पुराणे साधन म्हणजे टकळी. एक काडी आणि तिच्या बुडाशी वजनाची चकती. काडीला पीळ दिला की ती भिंगरीसारखी फिरते आणि कापसाच्या पेळूतून धागा निघतो. इसामी या कवीने १३५० साली रचलेल्या ‘फुतूहुस्सलातीन’ या फारसी इतिहासकाव्यात चरख्याचा उल्लेख येतो. इसामी दौलताबादला राहिला आणि पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयाला गेला. असल्या पुराव्यांवरून इरफान हबीब यांच्यासारखे इतिहासकार मानतात की सूत काढायचे चाक आपल्याकडे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रुळले. म्हणजे एके काळी चरखा हीच नवी वस्तू होती आणि टकळी परंपरा.

पुढे गिरण्यांचे सूत आले आणि चाक थांबले. किती थांबले याचा दाखला गांधीजींच्या आत्मकथेतच आहे. ‘हिंद स्वराज’मध्ये चरख्याचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने १९१५ साली मायदेशी परतेपर्यंत प्रत्यक्षात चरखा पाहिलेला नव्हता. साबरमतीच्या आश्रमात आधी माग आले, सूत मात्र गिरणीचे. चरखा शोधून काढला तो गंगाबेन मजमुदार या विधवा बाईंनी आणि तो सापडला बडोदे संस्थानातल्या विजापूरला. तिथे अनेक घरांत चरखे होते, पण अडगळ म्हणून माळ्यावर पडलेले. घरच्या बायका कातायला तयार झाल्या त्या दोन अटींवर: पेळूंचा नियमित पुरवठा व्हावा आणि सूत कोणी तरी विकत घ्यावे.

आत्याची पेटी मलाही माळ्यावरच मिळाली, म्हणून हा प्रसंग माझ्या मनात रुतून बसला. पण त्यातला खरा धडा त्या दोन अटींचा. वस्तू आकाराने कितीही चांगली असली तरी एकटी चालत नाही. तिच्या मागे कापूस पिंजणारा हवा, पुढे सूत घेणारा हवा.

विजापूरचा चरखा आश्रमात आला आणि त्या दिवसापासून तो ‘जसा होता तसा’ राहिला नाही. मगनलाल गांधींनी त्याच्यात सुधारणा केल्या आणि आश्रमातच चरखे बनू लागले. १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. १९२८ साली मगनलाल वारले. आणि १९२९ मध्ये संघाने एक जाहिरात दिली. आपल्या देशात वस्तूच्या आकाराबद्दल इतका नेमका प्रश्न जाहीरपणे विचारला गेल्याचे त्याआधीचे उदाहरण मला तरी आठवत नाही. नवा चरखा तयार करणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस. १९२९ सालचे एक लाख!

अटी वाचण्यासारख्या होत्या. चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये. तो भारतात बनलेला असावा. वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत राहावा. शिवाय बाईला तो सलग आठ तास फारसे न थकता चालवता आला पाहिजे.

ही शेवटची अट वाचून मी थबकलो. किंमत, वजन, टिकाऊपणा हे सगळे मोजता येते. माझ्या अभ्यासक्रमात ते सगळे होते. पण आठ तासांनी बाईचा खांदा दुखतो की नाही, हे कुठल्या मोजपट्टीने मोजायचे? ते तिलाच विचारावे लागते. ईम्सच्या यादीआधी जवळजवळ तीस वर्षे, कुठल्याही डिझाइन संस्थेविना, हा प्रश्न आपल्याकडे छापला गेला होता.

प्रयत्न पुष्कळांनी केले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही एक यंत्र आले, त्याच्या चाचण्या झाल्या. पण सगळ्या अटींना उतरणारा चरखा आलाच नाही आणि बक्षीस कुणालाच मिळाले नाही. आरेखन शिकवणारा माणूस म्हणून मला याचे नवल वाटत नाही, कारण अटी एकमेकींशी भांडत होत्या. हलके करावे तर स्थिर राहत नाही. जास्त सूत काढावे तर भाग वाढतात आणि गावच्या सुताराला दुरुस्ती जमत नाही. टिकाऊ करावे तर किंमत चढते. म्हणजे प्रत्येक चरख्याला कोणत्या तरी अटी सोडाव्याच लागणार होत्या. कोणत्या सोडायच्या, हे ठरणार होते त्याच्यापुढे कोण बसणार आहे यावरून.

पेटीचरख्याची जन्मकथा याचा उत्तम नमुना आहे. १९३० मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांनी घडीच्या चरख्यावर बरेच काम केले, म्हणून त्याला ‘येरवडा चक्र’ हे नाव मिळाले. जुना चरखा उभा, चाक मोठे. ते मोठे असण्याला कारण होते. समजा, मुठीच्या एका फेऱ्याला चातीचे शंभर फेरे हवेत. एकाच चाकाने हे साधायचे तर चाकाचा व्यास चातीच्या गिरकीच्या शंभरपट हवा. पण पहिल्या चाकाने एका फेऱ्यात दुसऱ्याला चार फेरे दिले आणि दुसऱ्याने चातीला पंचवीस, तर चार पंचवीस शंभर. दोन लहान चाके आडवी टाकली की तोच वेग पेटीत मावतो. झाकण उघडायचे, चाती बसवायची, माळ ओढायची, कातायला बसायचे. काम झाले की सगळे मिटून, पेटी उचलून चालू लागायचे.

हे कोणासाठी? जो आज तुरुंगात, उद्या आगगाडीत आणि परवा सभेच्या व्यासपीठावर असेल त्याच्यासाठी. शाळेतून परतल्यावर रोज एक तास कातणाऱ्या माझ्या आत्यासारख्या शिक्षिकेसाठी. तिच्या खोलीत उभा चरखा मावलाच नसता. पेटी पलंगाखाली सरकत असे. पेटीने नेण्याची सोय, जागेची बचत आणि नेटकेपणा ही उत्तरे दिली. बाईचे आठ तास आणि जास्त सूत हे प्रश्न तिने सोडून दिले.

ते प्रश्न गांधीजींच्या स्वतःच्या शरीरानेच पुन्हा विचारले. १९३२ साली येरवड्यातच त्यांचे कोपर दुखू लागले, तेव्हा ते ‘मगन चरख्या’वर कातू लागले. प्रभुदास गांधींनी बनवलेला हा चरखा मगनलालांच्या नावाचा. चाक पायाने फिरवायचे, त्यामुळे दोन्ही हात मोकळे आणि दोन चात्यांवर दोन धागे. पुढे वॉर्साहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, म्हणजे स्वामी भारतानंद, यांनी उलट दिशेने विचार केला. चाकच काढून टाकले आणि धनुष्याच्या दोरीने चाती फिरवणारी ‘धनुष तकली’ बनवली. स्वस्त, कोणालाही घरी करता येईल अशी. आपल्या सातारा भागातल्या औंध संस्थानच्या स्वराज्य-प्रयोगात ज्यांचा हात होता ते हेच, आणि मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे ‘आय ॲम दॅट’ या नावाने १९७३ साली इंग्रजीत आणणारेही हेच.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात मी गेलो तेव्हा अनेक तऱ्हांचे चरखे पाहिले. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेली ही वास्तू. उभे, आडवे, हाताचे, पायाचे, एका चातीचे, अनेक चात्यांचे. ‘पारंपरिक’ म्हणून दिवाणखान्यात मांडण्याजोगा यातला नेमका कोणता, असे मला कोणी तिथे विचारले असते तर मी निरुत्तर झालो असतो.

वर्ध्याजवळच नालवाडी आहे. तिथे विनोबांनी तिसाव्या दशकात एक प्रयोग केला. कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तेवढ्यावरच जगून पाहायचे. तासन् तास टकळी आणि चरखा चालवून त्यांनी हिशेब मांडला आणि ती मजुरी पोटाला पुरत नाही हे स्वतःच्या देहावर अनुभवले. १९३५ साली गांधीजींनी कातणारणींना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला आणि चरखा संघाने किमान मजुरीचा ठराव केला. या सगळ्यात चरख्याचा आकार तसूभरही बदलला नव्हता. बदलला होता तो त्याच्या सुताचा भाव. डिझाइनच्या वर्गात हा प्रयोग कधीच सांगितला जात नाही. मीही सांगितला नाही.

स्वातंत्र्य जवळ आले आणि चरख्याचा आणखी एक आकार बदलला, तो ध्वजावरचा. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंग्यावर अशोकचक्र घेतले. नेहरूंनी दिलेले कारण खास आरेखनाचे होते. चरख्याच्या एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती. ध्वज मागून पाहिला तर चित्र उलटे दिसणार. चाक मात्र दोन्हीकडून सारखे. म्हणून चाक राहिले, चाती आणि सूत गेले. युक्तिवाद बिनतोड आहे. पण विचार केला तर चरख्यात सूत निघते ते चातीवर; चाक फक्त तिला फिरवते.

पन्नासच्या दशकात अंबर चरखा आला. तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी तो बनवला. दिसायला तो चरख्यापेक्षा गिरणीच्या यंत्राचे पिल्लू वाटतो. चार चात्या, आणि पुढे त्यांच्या सहा झाल्या, आठ झाल्या. जुन्या चरख्यावर डावा हात पेळू ओढतो, बोटे जाडी ठरवतात, मग चाक किंचित उलटे फिरवून सूत चातीवर गुंडाळायचे. ओढणे, थांबणे, गुंडाळणे. अंबरमध्ये ओढण्याचे काम रुळांच्या जोड्या करतात आणि पीळ देणे व गुंडाळणे एकाच वेळी होते. डाव्या हाताच्या बोटांना जे ठाऊक होते ते रुळांत गेले. सूत कित्येक पटींनी वाढले. पण रुळांना हाताने वळलेला ओबडधोबड पेळू चालत नाही, एकसारखी तयार वात लागते. म्हणून खादी आयोगाला चित्रदुर्ग, सिहोर, रायबरेली अशा ठिकाणी पेळू बनवण्याचे कारखानेच उभारावे लागले. विजापूरच्या बायकांची पहिली अट होती पेळूंच्या पुरवठ्याची. ती अशी फिरून पुन्हा समोर आली.

एवढे सगळे वाचून झाल्यावर एका दुपारी मी पॉलिश केलेली पेटी उचलली आणि गावाबाहेरच्या एका खादी केंद्रात गेलो. पेळू हवे होते, आणि खरे तर तो चरखा चालताना पाहायचा होता. तिथे आठ चात्यांच्या चरख्यावर बसलेल्या एका बेननी हात पुसले, जमिनीवर मांडी घातली आणि पेटी उघडली. मला दोन दिवस न उलगडलेली माळ त्यांनी क्षणात बसवली. मूठ धरून चाक फिरवले तशी पेटी फरशीवर घसरली. त्यांनी ती ओढून घेतली, पुन्हा फिरवले, पुन्हा घसरली. त्यांनी पेटी उलटी केली. बुजवलेल्या चार भोकांवरून अंगठा फिरवला.

“याच्या खाली काही होतं का?”

“फळी होती. मी काढली.”

“का?”

“दिसायला बरी नव्हती.”

त्या काही बोलल्या नाहीत. पेटीची कड पायाच्या अंगठ्याने दाबून धरली आणि कातू लागल्या. धागा निघाला, अगदी बारीक. मी विचारले, असा चरखा आवडेल का? म्हणाल्या, “हातात छान बसतो. पण यावर माझं घर चालायचं नाही.” त्यांना पैसे गुंड्यांच्या हिशेबाने मिळतात. आठ चात्यांवर जेवढे सूत निघते तेवढे एका चातीवर कसे निघणार? मग माझे लक्ष त्यांच्या चरख्याकडे गेले. लोखंडी मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. बसायच्या स्टुलावर गोधडीची चौपदरी घडी. पायाखाली एक वीट. यातले काहीही कारखान्याच्या आरेखनात नसणार. पण सलग आठ तासांची ती १९२९ सालची अट या बाई आपल्या परीने रोज थोडीथोडी पुरी करत होत्या.

घरी येताना सगळे लख्ख दिसले. जुना उभा चरखा जड होता, जागचा हलत नसे. पेटीने ते वजन टाकले, कारण ती उचलून न्यायची होती. हलकी वस्तू जोराने फिरणाऱ्या हातासमोर टिकत नाही, घसरते. आत्याला ती कुठे न्यायची नव्हती. ती एकाच खोलीत, एकाच जागी कातत असे. म्हणून तिने सुताराकडून फळी बसवून घेतली असणार. बाहेर आलेल्या वीतभर भागावर मांडी घातलेला गुडघा टेकवायचा, म्हणजे शरीराच्या वजनाने पेटी जागच्या जागी. येरवड्याला झालेल्या आरेखनात बडोद्याच्या एका शिक्षिकेने केलेली ही दुरुस्ती. तिच्याकडे ना बक्षीस होते ना संस्था. आणि आरेखनाच्या मास्तरने, तिच्याच भाच्याने, ती भोकांसकट पुसून टाकली.

मी वर्गात जे सांगत असे, की आकाराला हात लावताना दहादा विचार करा, ते मी स्वतः एकदाही पाळले नव्हते. विचार केला होता तो फक्त दिसण्याचा. आकार कोणाचे ओझे हलके करतो आणि कोणावर टाकतो, हे विचारायचे राहून गेले. तांब्या काय, चरखा काय, त्यांना घडवणारे पिढ्यान् पिढ्यांचे हात म्हणजे कोणी अनामिक प्रतिभावंत नव्हेत. ज्यांना रोज पाणी वाहायचे होते, रोज सूत काढायचे होते, आणि ज्यांचे काही तरी दुखत होते, अशी ती माणसे. त्यांनी वस्तूला लावलेल्या पट्ट्या, घड्या आणि फळ्या यांतूनच पुढचा आकार निघतो. मधल्या काळात त्या ठिगळासारख्या दिसतात, एवढेच.

फळी सुदैवाने फेकली नव्हती. गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली सरकवली होती. दोन पावसाळ्यांत ती थोडी फुगली होती, कडेला शेवाळ धरले होते. मी ती धुतली, उन्हात वाळवली आणि जुन्याच भोकांतला भुसा टोकरून पुन्हा बसवली. तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले. रंधा तिला कधीच लागलेला नव्हता. पण बाहेर आलेल्या भागावर, मधोमध, तळहाताएवढी जागा काचेसारखी गुळगुळीत झाली होती.